पाव, पाणी आणि ईस्टरचा एक तास

मार्चअखेर अमेरिकेतल्या युटामधल्या वासॅचच्या डोंगरांवरचा बर्फ उतरायला लागला की आमच्या भागात एक जुना वाद दरवर्षी उकरून काढला जातो: मॉर्मन लोक, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, ईस्टर नीट साजरा करतात का? एका बाजूला इतर ख्रिस्ती पंथांतले टीकाकार आणि त्यांच्याहून जास्त वैतागलेली खुद्द मॉर्मन तरुण मंडळी. ते म्हणतात, येशू मरणातून उठला त्या दिवसाचा, ख्रिस्ती जगातला सगळ्यांत मोठा सण, आणि आपल्याकडे नेहमीचाच रविवार. तेच बाक, तीच भाषणं, मागे रडणारी तीच पोरं. चाळीस दिवसांचा उपासकाळ नाही, राखेचा बुधवार नाही, झावळ्यांची मिरवणूक नाही, शुभ शुक्रवारी प्रार्थनासभा नाही. दुसऱ्या बाजूला जुनी माणसं, आणि त्यांचं उत्तर एका वाक्यात आटोपतं: आमचा प्रत्येक रविवार ईस्टरच असतो. पुढे दोन्हीकडून तेच ते सुरू होतं. हे म्हणतात तुम्ही रूक्ष, ते म्हणतात तुम्हाला देखावा हवा.

बारा वर्षं हे ऐकल्यावर मला वाटायला लागलंय की दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतायत. मॉर्मनांचा साधा, कधीकधी चक्क कंटाळवाणा रविवार ईस्टरच्या आड येतो हे मला मान्य नाही. उलट ईस्टर साजरा करायला त्यांच्याकडे जे काही आहे, त्यातलं सगळ्यांत दमदार साधन तेच आहे. घोळ एवढाच की ऐन ईस्टरच्या दिवशी ते हे साधन सगळ्यांत कमी वापरतात.

आधी माझी जागा सांगून टाकतो. मी त्यांच्यातला नाही. वाढलो पुण्यात, देवघर असलेल्या घरात. नोकरीनं सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला आणून टाकलं, आणि शेजाऱ्यांनी एकदा बोलावलं म्हणून गेलो तो अधूनमधून जातच राहिलो. धर्मांतराचा विचार ना त्यांनी फार रेटला, ना माझ्या मनात आला. आणि 'मॉर्मन' हा शब्द त्यांच्या नेतृत्वाला 2018 पासून नकोसा झालाय, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं पूर्ण नाव घ्यावं असा त्यांचा आग्रह आहे, हे मला ठाऊक आहे. मराठी वाचकाला जुना शब्द ओळखीचा, म्हणून तोच वापरतोय. त्यात कुचेष्टा नाही.

आता हा साधा रविवार असतो कसा ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या बाहेरच्यांपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलेलाच नसतो. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, साधारण काही शे लोकांची. तुम्ही कुठल्या वॉर्डात जायचं हे तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं. अमुक ठिकाणी प्रवचन चांगलं असतं म्हणून तिकडे गेलो, ही सोय नाही. शेजारी जसे मिळाले तसेच देवापुढेही मिळणार. पगारी पुरोहित नाही. बिशप म्हणजे आठवडाभर दातांचा दवाखाना किंवा प्लंबिंगचा धंदा चालवणारा माणूस, काही वर्षं विनामोबदला हे काम करतो आणि मग पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो. इमारतीच्या शिखरावर क्रूस नाही. प्रार्थनेच्या दालनामागे सरकती भिंत असते, आणि ती सरकवली की पलीकडे बास्केटबॉलचं मैदान. गर्दी झाली की लोक घडीच्या खुर्च्या टाकून थेट बास्केटखाली बसतात. प्रवचन कुणी करायचं? तुम्ही. दोन-तीन आठवडे आधी निरोप येतो, विषय मिळतो, आणि मग सोळा वर्षांची मुलगी, तिच्यानंतर कुणी नर्सबाई, तिच्यानंतर निवृत्त शिक्षक असे लोक उभे राहतात. महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. दोन जेवणं सोडायची, वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे, आणि त्या दिवशी व्यासपीठ सगळ्यांना मोकळं. ज्याला साक्ष द्यावीशी, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलावंसं वाटेल तो उठतो. कुणी रडतं, कुणी भरकटतं, कुणी मागच्या महिन्यातलंच पुन्हा सांगतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध पाव आणि पाणी. वाईन नाही, पाणीच. कुठलं पेय वापरता याला महत्त्व नाही, असं त्यांच्या धर्मग्रंथात ऑगस्ट 1830 च्या एका प्रकटीकरणात आहे, आणि पुढे पाणीच रूढ झालं. पाव दुकानातला, साधा, हातानं तुकडे केलेला. पांढऱ्या कापडाखालून ताटं निघतात, सोळा-सतरा वर्षांची पोरं गुडघे टेकून ठरलेली प्रार्थना वाचतात, आणि बारा-तेरा वर्षांची पोरं ताटं घेऊन रांगांमधून फिरतात. प्रार्थना शब्द न् शब्द बरोबर यावी लागते. एका रविवारी मी तिसऱ्या रांगेत होतो. नुकताच सोळाचा झालेला एक मुलगा मधलं एक वाक्य गाळून पुढे गेला. बिशपनं नुसती मान हलवली. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच अडखळला. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. दालनात दोनशे माणसं असतील, कडेवरची पोरं सोडली तर कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा त्यानं शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं आणि सगळ्यांचं 'आमेन' नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं आलं. एका पोराचं चुकलं तर दोनशे माणसं थांबतात, ही गोष्ट मला कुठल्याही कॅथेड्रलच्या कमानीइतकी उंच वाटते.

टीकाकारांचं म्हणणं तरीही हलकं नाही. त्यांच्या 1985 च्या गीतपुस्तकात 341 गीतं आहेत. त्यांत ख्रिसमसच्या विभागात चौदा आणि ईस्टरच्या विभागात चार. संतुलन कुठे ढळलंय ते या दोन आकड्यांतच दिसतं. 2024 पासून नवं गीतपुस्तक हप्त्याहप्त्यानं यायला लागलंय, त्यात हे सुधारेल अशी आशा लोक करतात. बराच काळ पितळी वाद्यं आणि तालवाद्यं रविवारच्या सभेला शोभत नाहीत असं अधिकृत पुस्तिकाच सांगत होती, म्हणजे ईस्टरच्या सकाळी तुतारीचा प्रश्नच मिटला. ईस्टरच्या रविवारी भाषणांत दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग पंथाला देण्यावर बोलले, पायोनियर पूर्वजांवर बोलले, पण रिकाम्या कबरीचा उल्लेख शेवटच्या दोन मिनिटांत आला, अशी तक्रार मी अनेक सदस्यांच्याच तोंडून ऐकलीय. आणि ही कुरबूर केवळ खालच्या बाकांवरची नाही. एप्रिल 2023 मध्ये पंथाच्या सहामाही सर्वसाधारण परिषदेत गॅरी स्टीव्हनसन या प्रेषितानं (पंथातल्या वरच्या नेत्यांना ते प्रेषित म्हणतात) जाहीर भाषणात हाच मुद्दा मांडला, की ख्रिसमसला आपण जितकं मनापासून करतो तितकं ईस्टरला का करू नये. पंथाचं नेतृत्वच जेव्हा असं म्हणतं, तेव्हा 'प्रत्येक रविवार ईस्टर' म्हणणाऱ्यांनी जरा थांबून विचार करायला हवा.

हे असं झालं कसं? इथं धर्मशास्त्रापेक्षा भूगोल जास्त कामाचा आहे. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ 1805 साली व्हर्माँटमध्ये जन्मला, म्हणजे न्यू इंग्लंडात, प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंटांच्या वारशात. प्युरिटनांना सणवार म्हणजे रोमची कारस्थानं वाटत. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं 1659 मध्ये ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, तो 1681 पर्यंत कायद्यात होता. प्रेस्बिटेरियन स्कॉटलंडात ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी उजाडली ती 1958 साली. अमेरिकेतल्या बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चांतही ईस्टरची फुलं आणि गाणी रुजली ती यादवी युद्धानंतर. 6 एप्रिल 1830 ला मॉर्मन चर्च स्थापन झालं तेव्हा आजूबाजूला ईस्टरचा थाट नव्हताच, मग ते उचलणार कुठून? पुढे 1847 मध्ये ते रॉकी पर्वत ओलांडून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले आणि पूर्वेकडच्या चर्चांत सण परतत होते तेव्हा हे कालवे खणत होते. तेव्हा 'मॉर्मनांना ईस्टर नाही म्हणजे ते ख्रिस्तीच नाहीत' हा युक्तिवाद लावायचाच तर प्लिमथच्या किनाऱ्यावर उतरलेल्या प्युरिटनांनाही लावावा लागेल. तो कुणी लावत नाही.

क्रूस नसण्याचंही तेच. 1975 मध्ये गॉर्डन हिंक्ली यांनी, जे पुढे पंथाचे अध्यक्ष झाले, एका प्रॉटेस्टंट पाळकानं विचारलेला प्रश्न सांगितला होता: येशूला मानता तर क्रूस का नाही? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की आमचा भर जिवंत ख्रिस्तावर आहे, आणि आमच्या लोकांचं जगणं हेच आमचं चिन्ह. उत्तर छान आहे. पण मग ते चिन्ह पुनरुत्थानाचं झालं, आणि पुनरुत्थानाच्या दिवसाकडे दुर्लक्ष करणं आणखीच अवघड होऊन बसलं. एप्रिल 2020 मध्ये पंथानं नवं बोधचिन्ह आणलं: शिल्पकार थोरवाल्डसेनच्या ख्रिस्तमूर्तीचं चित्र एका कमानीखाली, आणि ती कमान म्हणजे रिकामी कबर. ज्यांच्या बोधचिन्हातच ईस्टर आहे त्यांनी ईस्टर नेहमीसारखाच काढला, तर लोक विचारणारच.

जुन्या मंडळींच्या वाक्यात तथ्य मात्र आहे, आणि त्यांचे विरोधक समजतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त. वर्षातून एकदा येणारा ईस्टर नंतर आला, आठवड्याचा रविवार त्याच्या आधीचा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं रोममधल्या ख्रिस्ती लोकांची रविवारची सभा कशी असते ते लिहून ठेवलंय: शहरातले आणि गावातले लोक एकत्र जमतात, वाचन होतं, प्रमुख बोलतो, पाव आणि पाणी मिसळलेली वाईन येते, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जातो, आणि विधवा-अनाथांसाठी पैसे गोळा होतात. जमतात रविवारीच, कारण त्या दिवशी येशू उठला. हे वर्णन वाचताना मला आमच्या कोपऱ्यावरचं विटांचं मीटिंगहाऊस आठवतं. वार्षिक ईस्टरच्या तारखेवरून मात्र त्याच शतकात चर्चा-चर्चांत भांडणं लागली आणि सगळ्यांनी तो एकाच दिवशी पाळावा हे ठरायला 325 ची निकायाची परिषद यावी लागली. तेव्हा साधा रविवार हीच मूळ मुदलाची गोष्ट आहे, हे जुन्यांचं म्हणणं इतिहासाला धरून आहे.

पण मग त्यांनी रशियाकडे बघावं. रशियन भाषेत रविवारचं नावच 'वस्क्रेसेन्ये', म्हणजे पुनरुत्थान. आठवड्याच्या वारांतच ईस्टर कोरलेला. त्यांच्याइतक्या हक्कानं 'आमचा प्रत्येक रविवार ईस्टर' दुसरं कुणीच म्हणू शकणार नाही. आणि नेमके तेच लोक ईस्टरच्या मध्यरात्री मेणबत्त्या घेऊन चर्चभोवती फेरी काढतात आणि पहाटेपर्यंत गातात. का बरं? रोजचं असलं की ते अंगवळणी पडतं, आणि अंगवळणी पडलेलं दिसेनासं होतं, हे त्यांना ठाऊक आहे म्हणून. रोज हरिपाठ म्हणणारा वारकरी 'माझी रोजच वारी आहे' असं सांगून आषाढीला घरी बसत नाही. वर्षातून एकदा थांबून मोठ्यानं म्हणावं लागतं, तेव्हा मग उरलेले एक्कावन्न रविवार कशाचे आहेत ते आठवतं.

मग थाट आयात करावा का? तरुणांपैकी काहींना तसंच हवंय. झावळ्या आणू, शुक्रवारी काळे पडदे लावू, कॅथॉलिकांकडून हे घेऊ, एपिस्कोपेलियनांकडून ते घेऊ. वैयक्तिक भक्तीसाठी कुणी शेजारच्या चर्चच्या शुभ शुक्रवारच्या उपासनेला गेलं तर त्यात वाईट काहीच नाही. पण वॉर्डाचा सण उसन्या सामानावर उभा राहत नाही. चाळीस दिवसांच्या उपासकाळामागे शेकडो वर्षांची सवय असते. ती नसताना आणलेली झावळी ही नुसती सजावट. अमेरिकन प्रॉटेस्टंटांनी एकोणिसाव्या शतकात ईस्टरला फुलांनी चर्च भरायला सुरुवात केली, आणि बघता बघता न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर उपासनेनंतर नव्या टोप्या मिरवायची परेड सुरू झाली. थाट आला आणि त्याच्यामागून दुकानदार आला. सशाची आणि चॉकलेटच्या अंड्यांची फौज मॉर्मन घरांतही कधीच घुसलेली आहे. तिला आणखी सोबत कशाला?

इथं एक आक्षेप मला स्वतःलाच सतावतो, आणि तो आमच्या पुण्या-मुंबईकडचा आहे. 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. मूर्ती नाही, कर्मकांड नाही, दर रविवारी प्रार्थना, तुकोबांचे अभंग, रानडे-भांडारकरांसारख्यांची प्रवचनं. बुद्धीला पटणारं, सात्त्विक. आणि तरीही तो शिकलेल्या मोजक्या लोकांपलीकडे पसरला नाही. सण काढून घेतले की धर्म कोरडा पडतो, याचं हे आपल्या घरचं उदाहरण नाही का? मला वाटतं, अर्धंच आहे. प्रार्थना समाजात प्रवचन ऐकायला लोक येत, ऐकून घरी जात. मॉर्मन वॉर्डात ऐकणारा हाच पुढच्या महिन्यात बोलणारा असतो. कुणी आजारी पडलं की कुणाच्या घरून कॅसरोल जाणार याची यादी फिरते, घर बदलायचं असेल तर शनिवारी सकाळी दहा माणसं ट्रक घेऊन दारात. बायकांची रिलीफ सोसायटी 1842 पासून हेच करत आलीय. जिथं प्रत्येकाच्या हाताला काम आहे तिथला रविवार साधा असला तरी कोरडा राहत नाही. हा पंथ हजारो मैल दूर नेताना त्यांनी काय नेलं होतं? 1852 साली ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत उतरला, पुढे पुण्याला गेला आणि तिथल्या छावणीच्या आसऱ्यानं मूठभर लोकांची शाखा जमवली. ना घंटा, ना मनोरा. ते फार टिकलं नाही, काही वर्षांत मिशन गुंडाळलं गेलं. पण आज पावणेदोन कोटी सदस्यांचा आकडा सांगणारा पंथ वाढला तो असाच, भाड्याच्या खोलीतल्या साध्या रविवारांवर. हैदराबादेत 2012 मध्ये त्यांचा भारतातला पहिला स्टेक (अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून विभाग) झाला आणि बंगळुरूच्या मंदिराची पायाभरणी 2020 च्या डिसेंबरात झाली, तीही आधी अशा खोल्या भरल्या म्हणून.

आणि उसनं आणायची गरजच काय? त्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ईस्टर इतका ठासून भरलाय की मला आश्चर्य वाटतं. 'बुक ऑफ मॉर्मन'मधलं 'तिसरं नेफाय' हे पुस्तक काढा. येशूच्या मृत्यूनंतर ग्रंथात सांगितलेल्या प्राचीन अमेरिकेतल्या लोकांवर तीन दिवस असा अंधार पडतो की काटक्या पेटवल्या तरी ज्योत धरत नाही. अंधारात लोकांचा विलाप तेवढा ऐकू येतो. शुक्रवार ते शनिवारची मुकी रात्र याहून नेमकी कुठल्या पंथाच्या ग्रंथात आहे? मग पुढे पुनरुत्थित ख्रिस्त मंदिराजवळ जमलेल्या लोकांपुढे उतरतो, आणि ते एकेक करून पुढे येतात आणि त्याच्या हातापायांचे व्रण हातानं चाचपतात. ग्रंथ संख्याही सांगतो, सुमारे 2,500. एकेक करून! एकेकाला पाच-पाच सेकंद धरले तरी साडेतीन तास होतात. या गोष्टीवर तुमचा विश्वास असो वा नसो, माझा प्रश्न वेगळा आहे: ज्यांच्या ग्रंथातला ईस्टर रांगेत उभं राहून आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा आहे, त्यांना मिरवणुकीची उसनवारी कशाला हवी? पहिल्या रविवारची साक्षसभा हेच तर त्याचं रूप आहे. तिथंही एकेक जण उठतो, चार पावलं चालतो, आणि आपल्या हाताला काय लागलं ते सांगतो.

एका ईस्टरला आमच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलायला सांगितलं होतं. विषय अर्थातच पुनरुत्थान. तो कागद न घेता उभा राहिला आणि पाण्याच्या पाळीवर बोलायला लागला. इकडे अजूनही काही जुन्या पाटांवर पाळीनं पाणी मिळतं, आपल्याकडे कॅनॉलवर मिळतं तसंच, आणि पाळी रात्री दोनची आली तर रात्री दोनला उठायचं. म्हणाला, बायकोला गुरुवारी पुरलं आणि शनिवारी रात्री दोनची पाळी होती. मुलं म्हणाली राहू द्या बाबा. तो गेला. फावडं घेऊन अंधारात उभा राहिला, कारण पाणी यायच्या आधी काही दिसत नाही, नुसता आवाज येतो, कोरड्या पाटातून पालापाचोळा पुढे ढकलत येणारा. 'ती उठेल असं मला वाटतं,' तो म्हणाला, 'एवढंच.' आणि खाली बसला. चार मिनिटंही झाली नसतील. त्यानंतर पुढचा वक्ता उठायला जरा उशीरच झाला. पगारी धर्मोपदेशकाच्या वीस मिनिटांच्या, तीन ग्रीक शब्द पेरलेल्या प्रवचनातून मला हे मिळालं नसतं.

म्हणूनच 2023 चा निर्णय मला उफराटा वाटतो. ईस्टरला महत्त्व द्यायचं म्हणून त्या वर्षी पंथानं ईस्टरच्या रविवारी फक्त पहिला तास ठेवला, पाव-पाण्याची सभा तेवढी. एरवी 2019 पासून दोन तास असतात, त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं तीन असायचे. दुसरा तास काढला तो कुटुंबांना घरी एकत्र ईस्टर करता यावा म्हणून. या मागची सदिच्छा खरी आहे, आणि त्याचा फायदाही मी पाहिलाय: ज्या घरात आजी गोष्ट वाचून दाखवते, पोरं मधेच प्रश्न विचारतात, तिथं तो मोकळा तास सोन्याचा ठरतो. पण सगळी घरं तशी असतात का? एकट्या राहणाऱ्या विधवेला, घटस्फोटित बापाला, घरात एकटीच विश्वास ठेवणाऱ्या कॉलेजच्या मुलीला घरी काय मिळतं? त्यांच्यासाठी वॉर्ड हेच घर, आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी ते तासाभरात आटोपतं. बाकीच्या बहुतेक घरांत तो तास हॅमला ओव्हनमध्ये वेळेवर घालायला जातो, हे सांगायला सर्वेक्षण नको. सण मोठा करायचा म्हणून सभा छोटी केली, असं दुसऱ्या कुठल्या धर्मात झाल्याचं मला तरी आठवत नाही.

2020 च्या ईस्टरनं ही गोष्ट उघडी पाडली होती. 12 मार्चला पंथानं जगभरच्या सभा थांबवल्या. त्यानंतर तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 10 एप्रिलला जगभर उपास करायला सांगितलं, आणि तो दिवस होता शुभ शुक्रवार. ज्यांना शुभ शुक्रवार नाही म्हणून हिणवलं जातं त्यांनी त्या वर्षी तो करोडो लोकांना हाक घालून पाळला, आणि पाळला तो स्वतःच्या रीतीनं, उपास करून. पण त्याच रविवारी घरोघरी पाव-पाण्याचा विधी करायचा तर घरात याजकत्व, म्हणजे विधी करायचा अधिकार, असलेला पुरुष हवा, आणि याजकत्व बायकांना मिळत नाही. एकट्या बायकांना त्या ईस्टरला विधी मिळाला नाही, जोवर कुणी अधिकृत पुरुष मास्क लावून दारात आला नाही. रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायकांनी, हे चारही शुभवर्तमानांत आहे. साध्या रविवारी त्याच वॉर्डात बाई व्यासपीठावरून निर्धास्त बोलते, कॅथॉलिक मिस्सेत तिला प्रवचन करता येत नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगतो. तरी सर्वसाधारण परिषदेत बाईनं पहिल्यांदा प्रार्थना म्हटली ती 2013 साली. साध्या रविवाराची बाजू घ्यायची तर त्याच्या फटीही सांगायला हव्यात, नाहीतर माझ्यात आणि एका वाक्यात उत्तर देणाऱ्या जुन्या मंडळींत फरक काय राहिला?

शेवटचा मुद्दा तारखेचा, आणि मला सगळ्यांत जास्त खटकतो तो हाच. त्यांची सर्वसाधारण परिषद एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असते. त्या दिवशी जगभर वॉर्डाची सभा नसते. लोक घरी पायजम्यात, दालचिनी रोल खात, टीव्हीवर सॉल्ट लेकहून येणारी भाषणं ऐकतात. 2010, 2015, 2018, 2021 आणि 2026 या वर्षी हा रविवार आणि ईस्टर एकच. परिषदेत ईस्टरवर भाषणं होतात, गायकवृंद सुंदर गातो, हे खरं. वॉर्ड आपला ईस्टर आगेमागे उरकूनही घेतात. पण ऐन ईस्टरच्या दिवशी पाव नाही, पाणी नाही, अडखळणारा मुलगा नाही, पाटावरचा म्हातारा नाही. 'प्रत्येक रविवार ईस्टर' म्हणणाऱ्या पंथात अशा वर्षी एकच रविवार ईस्टरविना जातो, आणि तो नेमका ईस्टरचा.

परिषदेची तारीख हलत नाही असं मला एका सद्गृहस्थांनी गंभीरपणे सांगितलं होतं. इतिहास तसं सांगत नाही. 1919 ची एप्रिलची परिषद फ्लूच्या साथीमुळे जूनवर गेली. 1957 ची ऑक्टोबरची आशियाई फ्लूमुळे रद्दच झाली. 1977 पर्यंत ती तीन दिवसांची असायची आणि 6 एप्रिल त्यात धरलेला असायचा, मग ती शनिवार-रविवारवर आणली. आजारासाठी, सोयीसाठी जी हलली ती ईस्टरसाठी एक आठवडा पुढे गेली तर कुणाचं काय बिघडेल? आणि मग त्या रविवारी दोन्ही तास ठेवावेत: पहिल्यात पाव-पाणी आणि तिसऱ्या नेफायमधला तो अंधार मोठ्यानं वाचलेला, दुसऱ्यात व्यासपीठ सगळ्यांना मोकळं, ज्याला यायचं त्यानं एकेक करून यावं. हॅम थोडा उशिरा होईल.

2026 नंतर परिषद आणि ईस्टरची ही गाठ पडते 2029 मध्ये, 1 एप्रिलला. आमच्या शेजारणीला मी हे सांगितलं, तर तिनं फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, ते चालू वर्षाचंच होतं, आणि म्हणाली, 'तोवर माझा धाकटा सोळाचा होईल. प्रार्थना वाचायची पाळी त्याची असेल.'